कुठे उभी होतीस, ते आधी सांग

प्रिय दोस्त,

तू पाठवलेली तिन्ही टिपणं वाचली. एक त्या नव्या इंडी रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमवरचं, एक कॉन्सर्टवरचं आणि एक तुझा संघ हरला त्या फुटबॉल सामन्यावरचं. सोबत तू विचारलंयस, "मला ना वाजवता येतं, ना खेळता येतं. मग माझ्या मताला कोण विचारणार?" आधी याचंच उत्तर देतो, कारण हा प्रश्न मनात धरून लिहिलंस तर लिखाण कायम दबकत दबकत होईल.

स्टेजवरच्या माणसाला आपलं वाजवणं कसं ऐकू येतं, कधी विचार केलायस? पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरमधून किंवा कानातल्या इअरपीसमधून, आणि तेही त्याने मागून घेतलेलं तेवढंच. गायकाला त्यात स्वतःचा गळा मोठा लागतो, ड्रमरला बेस लागतो. समोर हॉलमध्ये सगळं मिळून काय पोचतंय, हे त्यांच्यापैकी कुणालाच धड ऐकू येत नाही. मैदानावरच्या बचावपटूचंही तेच. त्याला समोरचे चार-पाच जण दिसतात. त्याच्या पाठीमागे पडलेली मोकळी जागा वरच्या स्टँडमध्ये बसलेल्या तुला दिसते. म्हणजे तुझ्या वाट्याला जे येतं ते त्यांच्याकडे नसतं. फॅनच्या मताचं मोल त्यातच आहे. पण मग आपण कुठून ऐकलं, कुठून पाहिलं, हे सांगणं तुझ्यावर येतं. तिन्ही टिपणांत नेमकं तेच राहून गेलंय.

कॉन्सर्टचंच बघ. "आवाज गढूळ होता, गायक ऐकूच येत नव्हता," असं तू लिहिलंस आणि ठपका बँडवर ठेवून मोकळी झालीस. मी पैजेवर सांगतो, तू अगदी पुढे, कठड्याला टेकून उभी असणार. छोट्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत गिटारचे अ‍ॅम्प आणि ड्रम थेट स्टेजवरून अंगावर येतात. गाणाऱ्याचा आवाज मात्र दोन्ही बाजूंना वर लावलेल्या स्पीकरमधून निघतो आणि बराचसा तुझ्या डोक्यावरून मागे जातो. मागच्या भिंतीला आणि कोपऱ्यांत खेटून उभं राहिलं तर उलटी तऱ्हा, तिथे बेस साचतो आणि सगळं बद्द वाटायला लागतं. साउंड इंजिनिअर आपला मिक्सिंग डेस्क लावून बसतो तो साधारण हॉलच्या मध्यावर किंवा थोडा मागे, आणि सगळं जुळवतो ते स्वतःच्या कानाने. म्हणून त्या डेस्कच्या आसपास जे ऐकू येतं ते जुळलेलं असतं. पुढे उभं राहू नकोस असं मी म्हणत नाही. पुढे उभं राहण्याचं सुख वेगळंच आहे, घाम दिसतो, गिटारच्या तारेवरून सरकणाऱ्या बोटांची करकर ऐकू येते. पण पुढच्या वेळी चार गाणी पुढे ऐक आणि चार डेस्कजवळ. मग ठरव गढूळ कोण होतं.

आणि सपोर्ट बँड, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा बँड, चुकवू नकोस. तुझ्या टिपणात "मुख्य बँड यायच्या वेळेला पोचले" हे वाक्य वाचून मी हळहळलो. बऱ्याच वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो. मुख्य बँडला अजून अवकाश होता, हॉलमध्ये जेमतेम चाळीस माणसं, त्यातली निम्मी भिंतीला पाठ लावून गप्पा मारत होती. सपोर्ट बँडच्या तिसऱ्या गाण्यात गायिकेचा माइक गेला. मी डेस्कपाशी होतो. इंजिनिअर दातांत छोटा टॉर्च धरून टेबलाखाली शिरला आणि केबल चाचपडायला लागला. गिटारवाला थांबला. ड्रमर थांबला नाही. त्याने आवाज उतरवत उतरवत फक्त स्नेअर ड्रमच्या कडेवर काठीने ठेका धरून ठेवला. गायिकेने मेलेला माइक स्टँडला परत अडकवला, स्टेजवरून खाली उतरली आणि माणसांच्या मधोमध उभी राहून गायला लागली. वरच्या सुराला तिचा आवाज फाटला, तो तिने फाटू दिला. भिंतीजवळच्या गप्पा थांबल्या आणि माणसं पुढे सरकली, इतकी की मला तिचा फक्त वर केलेला हात दिसत होता. केबल बदलून झाली तेव्हा तिला वर बोलवायचं इंजिनिअरला सुचलं नाही, तोही ऐकत उभा राहिला. त्या रात्रीच्या मुख्य बँडचं एकही गाणं आज मला आठवत नाही.

अशा तुरळक गर्दीच्या रात्रींतूनच हा सगळा पसारा उभा राहिलाय. 4 जून 1976 ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवून गेला तेव्हा ऐकणारे जेमतेम काही डझन होते. त्यांत पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते, ज्यांनी पुढे जॉय डिव्हिजन हा बँड उभा केला. हॉल ठरवून कार्यक्रम घडवून आणला होता हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन पोरांनी, आणि तेही फॅनच. त्यांचा स्वतःचा बँड बझकॉक्स. जानेवारी 1977 मध्ये त्यांनी उसने 500 पाउंड गोळा करून 'स्पायरल स्क्रॅच' नावाची चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला 1000 प्रती. त्या तबकडीच्या वेष्टनावर त्यांनी काय छापलं माहितीये? कुठलं गाणं कितव्या टेकला, म्हणजे कितव्या खेपेला जमलं आणि त्यावर किती ओव्हरडब, म्हणजे मागाहून चढवलेले आवाज, केले. आम्ही हे कसं केलं, ते हे असं. लपवाछपवी नाही. मला ते वेष्टन फार आवडतं, कारण तुझ्याकडून मी जे मागतोय तेच त्या पोरांनी संगीतात केलं होतं.

इथेच 'इंडी', म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र, या शब्दाबद्दल थोडं. तू लिहितेस, "आता ते इंडी वाटत नाहीत." ब्रिटनमध्ये जानेवारी 1980 पासून स्वतंत्र तबकड्यांची वेगळी क्रमवारी निघायला लागली, आणि तीत जागा मिळायची ती बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेर असण्यावरून. गिटार कशी वाजते याच्याशी तिचा संबंध नव्हता. पुढे शब्द घसरत घसरत एका प्रकारच्या आवाजाचं नाव झाला. दोन्ही अर्थ चालतात, पण एका वाक्यात एकच वापर. त्यांचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, बदललं म्हणायचंय की त्यांचे ड्रम आता गुळगुळीत झालेत म्हणायचंय? मला तरी वाटतं, तुला दुसरंच म्हणायचं होतं. मग तसंच लिही.

अल्बमकडे येतो. "दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा फिका." असेलही. तू कशावर ऐकलास? फोनच्या स्पीकरवर ऐकला असशील तर बेस जवळजवळ ऐकलाच नाहीस, आणि या बँडची निम्मी गंमत त्यांच्या बेसवालीत आहे. दुसरं, पहिला अल्बम कधी ऐकला होतास? मला आठवतं, तू सोळा वर्षांची होतीस आणि तो महिनाभर रोज ऐकत होतीस. दुसरा तीन दिवसांपूर्वी आला आणि तू दोनदा ऐकलास. ही तुलना चुकीची नाही, फक्त ती लपवू नकोस. "पहिला मी सोळाव्या वर्षी महिनाभर ऐकला, दुसरा दोनदा" एवढं लिहिलंस की वाचणाऱ्याला तुझं मत हातात धरता येतं.

माझं 'बी थाउजंड'शी असंच झालं. गायडेड बाय व्हॉइसेस या ओहायोतल्या बँडचा 1994 चा अल्बम, 36 मिनिटांत 20 गाणी, बरीचशी घरगुती चार-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरवर केलेली. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो रेकॉर्डिंगचा कच्चा माल वाटला होता. खरखर, मध्येच तुटणारी गाणी, दीड मिनिटात संपणारी चाल. मी तसं वहीत लिहूनही ठेवलं. काही महिन्यांनी भांडी घासताना एक चाल ओठांवर आली, आणि ती त्याच अल्बमची होती. पुन्हा लावला, तेव्हा कळलं की ज्याला मी तुटलेलं म्हणत होतो तिथे त्यांनी चाल नेमकी वेळेवर सोडून दिली होती. वहीतलं जुनं मत मी खोडलं नाही. खाली तारीख टाकून नवं लिहिलं. तूही तसंच कर. मत बदलल्याची लाज बाळगू नकोस आणि जुन्या मताचा पुरावाही मिटवू नकोस.

तुझ्या दोन्ही वेडांना जोडणारी एक गोष्ट सांगतो. या बँडचा कर्ता रॉबर्ट पोलार्ड अनेक वर्षं शाळेत चौथीच्या मुलांना शिकवत होता, आणि त्याआधी कॉलेजात बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. 1978 मध्ये राइट स्टेट विद्यापीठाकडून त्याने एक नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिला नाही. गिटार आणि मैदान ही दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांची वेडं आहेत असं तुला कुणी सांगितलं, तर त्याला पोलार्डचं नाव सांग.

किंवा यो ला टेंगो या बँडचं. हे नावच बेसबॉलमधून आलंय. 1962 चा न्यूयॉर्क मेट्स संघ 40 सामने जिंकला आणि 120 हरला. त्यांचा सेंटर फील्डर रिची अ‍ॅशबर्न आणि शॉर्टस्टॉप एलिओ चाकोन झेल घ्यायला धावताना एकमेकांवर आदळायचे, कारण व्हेनेझुएलाच्या चाकोनला इंग्रजी फारसं कळत नव्हतं. मग अ‍ॅशबर्न स्पॅनिशमधून "यो ला टेंगो" ओरडायला शिकला, म्हणजे "माझा आहे". पुढच्या झेलाला तो तसं ओरडला, चाकोन बरोबर थांबला, आणि डाव्या बाजूने आलेला फ्रँक थॉमस अ‍ॅशबर्नवर आदळला, कारण थॉमसला स्पॅनिश येत नव्हतं. 120 सामने हरलेल्या संघाचा हा एक झेल. कुणीतरी नीट पाहिला म्हणून टिकला, आणि बावीस वर्षांनी, 1984 मध्ये, न्यू जर्सीतल्या होबोकनच्या एका जोडप्याने आपल्या बँडला ते नाव दिलं.

आता तुझ्या हरलेल्या सामन्याबद्दल. "मधल्या फळीने घात केला." पूर्ण सामना पाहिलास की पाच मिनिटांचे हायलाइट्स? राग मानू नकोस, पण टिपणात फक्त दोन गोल आणि एक हुकलेली पेनल्टी आहे, म्हणून विचारतो. हायलाइट्समध्ये मधली फळी दिसतच नाही, ती काय करत होती हे त्यात कुठून कळणार? साधा भागाकार कर. 90 मिनिटं, 22 खेळाडू, चेंडू एक. एकेकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात, आणि चेंडू बाहेर गेलेला, खेळ थांबलेला वेळ वजा केला की त्याहूनही कमी. उरलेली पंच्याऐंशी-सहाऐंशी मिनिटं तो माणूस चेंडूशिवाय काय करतो, तोच त्याचा खरा खेळ. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे ते आपल्याला दिसत नाही. स्टेडियममध्ये जाशील तेव्हा दहा मिनिटं चेंडू सोडून दे आणि एकच खेळाडू धर. मी एकदा उजव्या बाजूचा बचावपटू धरला होता. सत्तरावं मिनिट उलटलं होतं. प्रत्येक वेळी खेळ थांबला की तो कमरेवर हात ठेवून आधी मागे वळून पाहायचा, आपल्यामागे कुणी मोकळं सुटलंय का, आणि मगच श्वास घ्यायचा. एकदा तो आधी श्वास घ्यायला वाकला. तिथूनच गोल झाला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे शिव्या गोलकीपरला होत्या.

शिव्यांवरून आठवलं. खेळाडूच्या खेळावर हवं तेवढं कडक लिही, त्याच्या घरच्यांवर आणि दिसण्यावर एक अक्षरही नको. तुझ्या टिपणातलं ते एक वाक्य काढून टाक. कुठलं ते तुला कळलंय.

आणि ती स्टेडियमची तक्रार. तुझं लाडकं गाणं आता सामन्यात हजारो लोक गळा काढून गातात म्हणून ते "वाया गेलं" असं तू म्हणतेस. इथे मी तुझ्याशी भांडणार आहे. द व्हाइट स्ट्राइप्स या दोघांच्या बँडच्या 'सेव्हन नेशन आर्मी'चं काय झालं ते ऐक. सात स्वरांची ती चाल त्यातल्या जॅक व्हाइटला 2002 च्या जानेवारीत मेलबर्नमध्ये साउंडचेक करताना सुचली. ऐकताना बेस वाटतो, पण त्या दोघांच्या बँडमध्ये बेस नव्हताच. गिटारचाच आवाज पेडलने एक सप्तक खाली उतरवलाय. गाणं 2003 मध्ये आलं. त्याच ऑक्टोबरात बेल्जियमच्या क्लब ब्रुगेचे पाठीराखे ए. सी. मिलानविरुद्धच्या सामन्याला मिलानला गेले होते, सामन्याआधी बारमध्ये त्यांनी ते ऐकलं आणि ते गात स्टेडियमवर गेले. ब्रुगेने तो सामना 1-0 असा जिंकला आणि चाल त्यांच्याबरोबर घरी आली. 2006 च्या फेब्रुवारीत इटलीतला रोमा संघ ब्रुगेत खेळायला गेला, तिथून रोमाच्या लोकांनी ती उचलली, आणि त्या उन्हाळ्यात इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा अख्खा देश ती गात होता. यात कुणाची जाहिरात नव्हती, कुठल्या कंपनीची योजना नव्हती. फॅन्सनी ती चाल तोंडातोंडी एका गावातून दुसऱ्या गावात नेली. गाणं हजारोंच्या तोंडी गेलं की तुझ्या खोलीतलं त्याचं रूप कुठे जात नाही. उलट तुला आता ते दोन जागांवरून ऐकता येतं.

फॅन म्हणजे नुसता गिऱ्हाईक नव्हे, हे मला विम्बल्डनच्या फुटबॉल पाठीराख्यांनी शिकवलं. 2002 मध्ये त्यांचा क्लब दूर मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या मैदानावर येईल त्याची चाचणी घेऊन संघ निवडला आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीपासून सुरुवात केली. 2011 मध्ये हा नवा क्लब, ए. एफ. सी. विम्बल्डन, फुटबॉल लीगमध्ये पोचला, आणि 2020 च्या नोव्हेंबरात आपल्या जुन्या रस्त्यावर, प्लाव लेनवर, परतला. बझकॉक्सच्या त्या 500 पाउंडांशी याचं सख्खं नातं आहे असं मला वाटतं.

गर्दीत उभं राहण्याचेही काही नियम असतात, लिहिलेले नसले तरी. तुझ्या पाठीमागे कोण आहे ते एकदा वळून बघ. बुटकं कुणी असेल तर त्याला पुढे घे. फोन एका गाण्यापुरता वर कर आणि मग खिशात टाक. वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड तिकीट पाच डॉलरच्या आसपासच ठेवायचा आणि पुढे कुणी इतरांना ढकलायला, लाथा मारायला लागलं तर गाणं थांबवायचा. ऐकलं नाही तर त्या माणसाला त्याचे पाच डॉलर पाकिटात घालून परत द्यायचे आणि बाहेरची वाट दाखवायचे. स्टेजवरून ते गर्दीतल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाकडे बघत होते. तूही लिहिताना कधीतरी त्याच्याकडे बघ.

कानांचं मात्र मी हात जोडून सांगतो. तुझ्याएवढा असताना एका हॉलमध्ये मी स्पीकरला जवळजवळ चिकटून दोन तास उभा होतो. चार दिवस कान वाजत राहिले. उजवा सुधारला. डाव्यात एक बारीक शिट्टी आजही आहे, रात्री सगळं शांत झालं की ती ऐकू येते. कामाच्या जागेसाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा अशी आहे की 85 डेसिबलला आठ तास, आणि प्रत्येक तीन डेसिबलमागे वेळ निम्मा. हिशोब करत गेलीस तर 100 डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. रॉक कॉन्सर्टला 100 सहज ओलांडले जातात. सुपरचंक या अमेरिकन बँडची बेसवादक लॉरा बॅलन्स हिने कानांच्या त्रासामुळेच 2013 मध्ये दौरे करणं सोडलं. फोमचे साधे इअरप्लग तीव्र स्वर जास्त खातात, त्यामुळे सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं आणि माणसं ते काढून टाकतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग मिळतात, ते सगळेच स्वर साधारण सारखे उतरवतात. ते घे, आणि पहिल्या गाण्याच्या आधी घाल.

शेवटी तू विचारलंयस की येत्या शनिवारी त्या चार जणांच्या बँडचा कार्यक्रम आणि तुझ्या संघाचा सामना एकाच संध्याकाळी आलेत, कुठे जाऊ? तुझा संघ पुढच्या मोसमातही असेल, खालच्या लीगमध्ये असेल कदाचित, पण असेल. चार जणांच्या बँडचं तसं नसतं. कुणाला नोकरी लागते, कुणी गाव सोडतं, आणि एक दिवस कळतं की मागच्या महिन्यात वाजवलं तेच शेवटचं होतं. कॉन्सर्टला जा. दार उघडायच्या वेळेलाच पोच. सपोर्ट बँडचं नाव काय होतं, ते मला रविवारी कळव.

तुझा,
एक जुना फॅन